सिमेंटात रोवलेले स्पीकर

उभ्या महाड तालुक्यात आमच्या थोरल्या साडूंइतका आवाजाचा ध्यास कुणी घेतला नसेल, आणि त्यांच्याइतकी कमी गाणीही कुणी ऐकली नसतील. बाजारपेठेत त्यांचं खिळे, पत्रे नि कुलपांचं दुकान, मागे राहतं घर, आणि घराच्या मधल्या खोलीत माझ्या छातीला लागतील एवढे दोन विलायती स्पीकर. त्या खोलीत माझं वर्षानुवर्षं जाणंयेणं होतं, पण तिथे एखादं गाणं पहिल्या कडव्यापर्यंत पोहोचल्याचं मला आठवत नाही. साडू गाणं लावत, तबल्यावर पहिली थाप पडे, गाणारी बाई तोंड उघडण्याआधी श्वास घेई, आणि साडू मला कोपराने ढोसून विचारत, "श्वास ऐकलात?" मी हो म्हटलं की ते समाधानाने मशीन बंद करत. एवढा श्वास घेऊन त्या बाईला पुढे काय म्हणायचं होतं, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

ऐकायला बसण्याचंही शास्त्र होतं. खोलीत खरा आवाज ऐकू येईल अशी जागा एकच, तिथे एकच खुर्ची, आणि त्या खुर्चीत समोरच्या चौरंगावर पाय पसरून साडू स्वतः बसलेले. बाकीच्यांनी भिंतीला टेकून त्यांच्या चेहऱ्यावरून अंदाज घ्यायचा. डोळे मिटून ते सांगत, "बाई मधोमध उभी आहे, थोडी मागे. सारंगीवाला तिच्या डाव्या हाताला बसलाय, आणि आज जरा सरकलाय." सारंगीवाला का सरकला, याचा मग संध्याकाळपर्यंत तपास चाले. कधी तो दोष नव्या वायरीवर येई, कधी माझ्यावर, कारण मी उजवीकडच्या भिंतीला जास्त जागा अडवून बसलो होतो. भिंतींवर आवाज आपटून मागे येऊ नये म्हणून घरातल्या सगळ्या गोधड्या तिथे खिळ्यांना टांगलेल्या असत. थंडीत मुक्कामाला आलेल्या पाहुण्याने पांघरूण मागितलं, की साडू आधी भिंतीकडे आणि मग पाहुण्याकडे असे बघत, की तो बिचारा सतरंजी ओढून झोपे. विजेचंसुद्धा त्यांचं पंचांग होतं. औद्योगिक वसाहतीला सुट्टी असते त्या दिवशी वीज स्वच्छ येते आणि बासरी मोकळी होते, असं ते मला गंभीरपणे सांगत.

स्पीकर आल्यावर त्यांना साजेसा अॅम्प्लिफायर शोधण्याचं प्रकरण सुरू झालं. माझ्या लग्नात पत्रिका बघायला सासरच्यांना एक चहा पुरला होता, पण या लग्नाला पावसाळ्यामागून पावसाळे गेले. एक जपानी स्थळ आलं, ते अंगाने दणकट पण स्वभावाने कोरडं निघालं. मग काचेच्या दिव्यांचं एक जुनं मशीन मुंबईहून मांडीवर ठेवून आणलं. त्याचा आवाज मधासारखा होता म्हणे, पण स्पीकर अंगापिंडाने थोर आणि हा नाजूक. ढोलकी आली की याला धाप लागे. "दोघंही गुणी आहेत हो," साडू हळहळून म्हणत, "पण एकमेकांचे नव्हेत." एवढी हळहळ त्यांनी खऱ्याखुऱ्या नवराबायकोंच्या भांडणात कधी दाखवली नाही. शेवटी एक इंग्रजी अॅम्प्लिफायर पसंत पडला. त्याला गरम व्हायला तास लागे, आणि त्या तासात घरात मिक्सर लावायला बंदी असे. आमच्या अक्काने, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, त्या काळात चटण्या पाट्यावर वाटल्या.

हे वेड घरापुरतं राहतं तरी बरं होतं. उमरठजवळच्या एका वाडीत आम्ही पूजेला गेलो होतो. तिथे आंब्याला भोंगा बांधलेला होता. साडूंनी प्रसादाचा द्रोण माझ्या हातात दिला आणि भोंगेवाल्याला बाजूला घेऊन मधले स्वर कसे कर्कश लागतायत ते समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "वरल्या वाडीत जातोय ना आवाज, काका?" जातोय, असं साडू म्हणाले. "मंग झाला," म्हणून तो जेवायला बसला.

या सगळ्यात अक्काचं मागणं एवढंसंच होतं. वरंधला माझ्या सासूबाई गौरीची गाणी म्हणत. मुंबईला नोकरीला असलेल्या मेव्हण्याने एका गौरीला घरच्या लहानशा टेपवर त्यांचा आवाज भरून घेतला, आणि पुढच्या गौरीला त्या नव्हत्या. ती कॅसेट अक्काकडे आली. स्वयंपाकघरातल्या तिच्या छोट्या टेपवर खरखरच जास्त ऐकू येई, म्हणून तिने एकदा नवऱ्याला विचारलं, "तुमच्या मोठ्या मशीनवर लावाल का हो?" साडूंनी कॅसेट उजेडात उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "ही खरखर माझ्या स्पीकरांतून काढू? उद्या त्यांना तीच सवय लागेल." अक्काने कॅसेट पदराला पुसली आणि देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवून दिली. नंतरही दरवर्षी गौरीच्या दिवसांत तिने विचारलं, आणि दरवर्षी नवं कारण मिळालं. मला तेव्हा त्यांचा राग येई, आजही आठवलं की येतो.

पण माणूस स्वतःच्याच हुशारीने कसा गोत्यात येतो, ते पुढे दिसलं. आमचं महाड हे उचलाउचलीचं गाव. सावित्री नदी चढली की नगरपालिकेचा इशाऱ्याचा भोंगा होतो आणि पेठेतला माणूस हातातलं काम टाकून सामान माळ्यावर न्यायला लागतो. आधी देव, मग धान्य, मग बाकीचं, हे लहान पोरालाही पाठ. म्हणून पेठेत कपाट घेताना लोक लाकूड बघत नाहीत, जिन्यातून वर जाईल की नाही ते बघतात. अशा गावात आमच्या साडूंनी, स्पीकर थरथरला तर आवाज गढूळ होतो असं कुठल्याशा मासिकात वाचून, फरशी फोडली, काँक्रीटचे दोन ओटे ओतले, दुकानातले सगळ्यात लांब बोल्ट त्यात रोवले आणि स्पीकर नटांनी आवळून टाकले. वर नटांना सिमेंट फासलं. "आता भूकंप झाला तरी हलायचे नाहीत," ते मला म्हणाले. मी म्हणालो, "आणि पूर आला तर?" त्यांनी माझ्याकडे, शिकून फुकट गेलेल्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं.

त्याच पावसाळ्यात भरदुपारी भोंगा झाला. आम्ही उंचावरच्या वसाहतीत राहायचो, तेव्हा मी आणि बायको दरवर्षीप्रमाणे हात लावायला धावलो. अक्काने देव आणि कॅसेट एकाच परडीतून वर नेली. अॅम्प्लिफायर आणि टेप-डेकही वर गेले. साडू मात्र छिन्नी-हातोडा घेऊन ओट्यापाशी बसले होते. पहिला स्पीकर सुटला तेव्हा पाणी घोट्यांवर होतं. तो आम्ही दोघांनी जिन्यातून कसाबसा चढवला. खाली येऊन पाहतो तर दुसऱ्याचे नट गढूळ पाण्याखाली गेलेले. साडू पाण्यात हात घालून चाचपडत राहिले. "अहो, या वर," अक्का जिन्यातून हाका मारत होती. शेवटी मी त्यांना दंडाला धरून वर आणलं. बरं वाटलं, असं मी म्हणणार नाही. ते माळ्याच्या पायरीवर बसून दुसऱ्या स्पीकरला बुडताना बघत होते, आणि त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

पाणी ओसरलं, चिखल उपसला, यथावकाश वीज आली. साडूंनी वाचलेला स्पीकर माळ्यावरच जोडला. चालतो की नाही ते बघायला काहीतरी लावायला हवं होतं. पण तबकड्या, कॅसेटी, बाईचे सगळे श्वास खाली कपाटात चिखलाने भरले होते. घरात कोरडी अशी एकच कॅसेट होती. साडूंनी हात पुढे केला आणि अक्काने ती त्यांच्या हातावर ठेवली.

आधी खरखर आली, मग सासूबाई आल्या. दोघी बहिणी चटईवर बसल्या होत्या. साडू वर आणलेल्या त्यांच्या खुर्चीत, समोरच्या डब्यावर पाय पसरून, सवयीने हात बटणाशी. पण एका स्पीकरवर कोण कुठे बसलंय ते समजत नाही, तेव्हा तपासायला काही उरलं नव्हतं. गाण्यातली गौर आली, जेवली, सासरी जायला निघाली. माझी बायको डोळे पुसत होती, अक्का ओठ हलवत म्हणत होती. आणि गाणं संपल्यावर, छोट्या टेपच्या खरखरीत इतकी वर्षं बुडून राहिलेलं असं काहीतरी त्या विलायती स्पीकरने उचलून आमच्या समोर ठेवलं. भांडी सरकल्याचा आवाज झाला, आणि सासूबाई मेव्हण्याला हळूच म्हणाल्या, "झाला काय रे? पोरींना ऐकव हां. मोठ्या जावयांना नको. त्यांच्याकडं मोठी मशीन हाय, माझा काय ऐकतील ते."

कॅसेट फिरत राहिली. अक्काने मान वर केली नाही. साडूंनी बटणावरचा हात काढला आणि डब्यावर पसरलेले पाय, सासूबाई दारातून आत याव्यात तसे, हळूच जवळ ओढून घेतले.