सव्वा लाख गोळ्या

नर्सिंगच्या आम्ही चौघी मैत्रिणी हिंगोलीत भेटलो की फार्माकॉलॉजीचे किस्से निघतातच. कुणाला किती मार्क पडले ते आठवत नाही, फजिती मात्र सगळ्यांची सगळ्यांना पाठ! माझी जरा जास्तच. गणितात माझी बोंब आणि मॅडमनी बजावलेलं, "डोसचं गणित चुकलं की वॉर्ड बंद. वडिलांना बोलावून घरी पाठवीन." घरी स्थळ तयारच होतं. गेले असते तर शिक्षण संपलं असतं.

*

दिवसातून दोनदा द्यायच्या औषधापुढे केसपेपरवर 'बीडी' लिहितात. आमच्यातली डोंगरकडा गावची शोभा वॉर्डात नवीन. दम्याच्या एका आजोबांच्या बायकोला तिने तोऱ्यात सांगितलं, "आजी, यांना बीडी द्यायची बरं का!"

"अगं माय, त्यानंच तर दमा झाला!"

आजोबा ताडकन उठून बसले. "डॉक्टरनं लिहिलं ना? मंग तू काहून आडवी येऊन राहिली?"

शोभा त्या वॉर्डात पाऊल टाकेना.

*

मॅडम केरळच्या. मराठी छान बोलायच्या, पण 'दीड' काही त्यांना कधी जमलं नाही. राऊंडला नातेवाइकांदेखत म्हणाल्या, "साडेएक एमएल भरा!"

सगळा वॉर्ड हसला. मॅडम कानापर्यंत लाल. मला खरं तर मजा वाटायला हवी होती, पण हसू आलं नाही. इंग्रजी पुस्तकापुढे माझं रोज तेच होत होतं.

*

कमलकडे घड्याळ नव्हतं. सलाईनचे थेंब मिनिटाला किती पडतात ते मोजायला तिने पेशंटच्या जावयाचं मनगट धरलं आणि मोजत बसली. मिनिट काही संपेना!

शेवटी जावई लाजत म्हणाला, "सिस्टर, हात सोडता का? ते बंद हाय. सासऱ्यानं लग्नात देलं म्हून घालतो."

सासरा खाटेवर पडून सगळं ऐकत होता!

*

मग माझी चाचणी. द्यायचं औषध पाचशे मिलिग्रॅम, गोळी अडीचशेची, तर गोळ्या किती? मी भागायच्या ऐवजी गुणलं. उत्तर आलं सव्वा लाख! तेही मी खाली दोन रेघा मारून लिहिलं.

बाबा शिरड शहापूरहून एसटीने आले. खुर्ची दिली तरी बसेनात. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या मुलीला पाचशेला अडीचशेने भागता येत नाही."

बाबांनी हात जोडले. "म्याडम, अडीचशेत आमचंबी भागत न्हाई."

दाराआड तिघी फिस्सकन हसल्या. मला मान वर करवेना. गणिताची लाज होतीच, त्या घटकेला बाबांचीही वाटली.

"मंग घेऊन जाऊ लेकराला?" बाबांनी विचारलं.

मॅडमनी माझा पेपर घडी घालून खणात टाकला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "इथे काय उभी? वॉर्डात जा. इंजेक्शनची वेळ झाली."