वायपरला खोबरेल

समजा, तुम्हाला गाडीचे वायपर बदलायचे आहेत. पावसात काचेवर रेघा उठताहेत, करकर आवाज येतोय. काय कराल? टेप घेऊन दोन्ही पात्यांची लांबी वेगवेगळी मोजाल? जुनं पातं काढल्यावर मोकळा दांडा काचेवर आपटू नये म्हणून खाली जाड फडकं घालाल? नाही. तुम्ही फोन उघडाल, सगळ्यात महाग जोडी मागवाल आणि आपल्याला गाडीतलं फार कळतं अशा समजुतीत झोपाल.

म्हैसूरला आमच्या हिनकलच्या गल्लीतल्या शरतनं हेच केलं. मोबाईल घेताना महिनाभर लोकांची मतं वाचत बसणारा माणूस. वायपर मागवले ते दोन्ही एकाच लांबीचे, कारण जोडी सारखी दिसायला हवी. पहिल्याच फेरीत दोन्ही पाती काचेच्या मधोमध एकमेकांवर आदळली. त्याचे वडील दत्तोजीराव व्हरांड्यात बसून पोटभर हसले.

"बघ नव्या," ते मला म्हणाले, "कंप्युटर शिकलेल्यांची अक्कल. काचेवर दोन रेडे झुंजायला सोडलेत."

मी शेजारी राहते आणि रबराच्या वस्तू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. तेव्हा लष्कर मोहल्ल्यातून ड्रायव्हरच्या बाजूला वीस इंची आणि शेजारी सोळा इंची पातं आणून बसवणं माझ्याकडेच आलं. ही गोष्ट दसऱ्याच्या आदल्या आठवड्यातली.

दत्तोजीरावांनी एका सरकारी खात्याची जीप एकतीस वर्षं चालवली. त्यांच्या मते जगात ड्रायव्हर एकच झाला. बाकीचे नुसते स्टिअरिंग धरून बसतात. ऑटोमॅटिक गाडी चालवणाऱ्याला ते पॅसेंजर म्हणतात. खात्याचा मेकॅनिक संताजीराव तर त्यांच्या लेखी माणूसच नव्हता. "पाना धरता येत नव्हता त्याला," ते अजून सांगतात. "दसरा झाला की जीप एक दिवस शेडमध्ये ठेवून घ्यायचा. कशाला? सुम्ने चहा पीत बसायला." तो बिचारा वारला त्याला सहा वर्षं झाली, तरी त्यांचा सुम्ने, म्हणजे उगीच, काही संपत नाही.

त्यांचे पणजोबा म्हैसूरच्या घोडदळात होते. त्यांची तलवार घरात आहे. दसऱ्याच्या आयुधपूजेला ती खोबरेलानं पुसायची, ही घरची रीत. तलवार झाली की त्याच फडक्यानं गाडी: बिजागऱ्या, कुलपं, दारांचं रबर. मग चंदन, कुंकू, चाकाखाली लिंबं आणि फाटकापुढं कोहळा फोडायचा. गल्लीत सगळे करतात. दत्तोजीराव ज्या थाटात करतात तो पाहिला तर वाटावं, उद्या फौज निघणार आहे. निघतं काय, तर दूध आणायला जाणारी एक जुनी पांढरी गाडी.

दसऱ्यानंतर आठ दिवसांनी घरची मंडळी टी. नरसीपूरला संगमावर जाऊन आली. येताना चार वाजता पाऊस लागला. गाडी दत्तोजीराव चालवत होते. वायपर फिरला की काच स्वच्छ व्हायच्या ऐवजी ताक सांडल्यासारखी होत होती. कडेला उसाचा ट्रेलर उभा होता. सुमा, त्यांची सून, ओरडली म्हणून ब्रेक लागला. ट्रेलरमधल्या उसाची टोकं बॉनेटपासून वीतभर उरली.

घरी पोचताच शरतनं किल्ली स्वतःच्या बॅगेत टाकली. "अप्पा, साकू. आता बस झालं. वायपर पंधरा दिवसांचे आहेत. म्हणजे दोष डोळ्यांचा."

"डॉक्टरनं डोळे चांगले म्हटलंय."

"मामंजी, डॉक्टर ट्रेलरपुढं बसला नव्हता," सुमा म्हणाली.

त्या दिवसापासून दत्तोजीराव दुधाला चालत जाऊ लागले. फाटकाशी उभी गाडी ते ओळख नसल्यासारखी टाळत. ज्या माणसानं आख्ख्या गावाच्या ड्रायव्हिंगला नावं ठेवली, त्याला आता मुलगा म्हणणार, 'अप्पा, मागे बसा.' मला सांगायला हरकत नाही, पहिल्या दिवशी मलाही थोडी गंमत वाटली. चौथ्या दिवशी नाही वाटली.

रविवारी मी गाडीपाशी जाऊन वायपर उचलला. रबराच्या कडेवर बोट फिरवलं. सरळ हवी ती कड लाटेसारखी वाकडी झाली होती, बोटाला मऊ लागत होती. वास घेतला. खोबरेल.

"काका, वायपरलाही तेल लावलंत?" मी व्हरांड्यात उभ्या दत्तोजीरावांना विचारलं.

"सगळ्या गाडीला लागतं. वायपर काय परका आहे?"

"रबर तेल पितं. फुगतं, मऊ पडतं. मग पाणी काढायच्या ऐवजी तेलच काचभर फासत बसतं. रबराला फक्त ओलं फडकं. काचेला साबण."

"कालची पोर तू! मी एकतीस वर्षं..."

ते तिथंच थांबले. व्हरांड्याच्या पायरीवर बसले. दोष डोळ्यांचा म्हणावा, तर किल्ली कायमची गेली. तेलाचा म्हणावा, तर चूक स्वतःच्या हातची, आणि ती शरतपुढं कबूल करायची. ज्याच्या दोन रेड्यांवर ते हसले होते त्याच्यापुढं. बराच वेळ ते चपलेनं माती उकरत राहिले.

मग त्यांनी हाक मारली, "शरत, बाहेर ये. सुमा, तूसुद्धा."

दोघं आले.

"डोळे नाहीत. तेल. मी लावलं."

शरतनं तोंड उघडलं. सुमानं त्याच्या दंडाला चिमटा काढला. त्यानं तोंड मिटलं. या घरात अक्कल कुणाला असेल तर ती तिला.

मी भांड्याच्या साबणानं काच दोनदा धुतली, नवी पाती आणून बसवली. सुमानं नळी धरून काचेवर पाणी सोडलं. दत्तोजीराव आत बसले, शरतनं शेजारी बसून किल्ली फिरवली. वायपर एकदा फिरला आणि काच लख्ख.

"समोरच्या फाटकावरची पाटी वाचा," शरत म्हणाला.

"भाड्याने घर. शाकाहारींनाच. लोकांची मस्ती बघ." मग जरा थांबून, "खाली फोन नंबर आहे, तो तू वाच."

शरतनं डोळे बारीक केले. मान पुढं काढली. नंबर काही त्याला वाचता आला नाही.

"चष्मा कर," दत्तोजीराव म्हणाले आणि नंबर घडाघडा वाचून दाखवला. सुमा नळी टाकून हसत सुटली. शरतनं किल्ली तशीच गाडीला ठेवली आणि मुकाट्यानं उतरला.

दत्तोजीरावांनी मात्र गाडी काढली नाही. वायपर रिकाम्या काचेवर फिरत होता, तो बंद करायचंही त्यांना सुचलं नाही. मीच हात घालून बंद केला.

"नव्या, जीपच्या वायपरलाही मी हेच तेल लावायचो. दर दसऱ्याला. तरी नंतरच्या पावसात मला सगळं स्वच्छ दिसायचं." त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "पोरी, तो संताजी जीप दिवसभर शेडमध्ये ठेवून काय करायचा?"