उजव्या हाताचं वर्ष

एका डावखुऱ्या मुलीला मी वर्षभर उजव्या हातानं चेंडू फेकायला लावलं. तेही खेळाचा शिक्षक म्हणून, रीतसर पगार घेऊन.

कारण साधं होतं. शाळेत बेसबॉलचं जे सामान आलं त्यातले सगळे ग्लोव्ह डाव्या हातात घालायचे होते. ग्लोव्ह डाव्या हातात, म्हणजे चेंडू उजव्या हातानं फेकायचा, एवढं मी नियमांच्या पुस्तकात वाचलं होतं. काही माणसं उलट्या हाताची असतात, हे बहुधा पुढच्या पानावर असावं. तिथवर मी गेलो नाही.

आमची शाळा कोंढ्याच्या बाजूची. तिथं बेसबॉल कुणी टीव्हीवरसुद्धा पाहिलेला नव्हता. मग तो आला कसा? भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि आमच्या जिल्ह्यात हा खेळ खेळणाऱ्या शाळा मोजून तीन उरल्या. कबड्डीत जिल्हा जिंकायचा तर पोरांचे गुडघे फुटतात. इथं दोन सामने जिंकले की गाडी थेट नागपूरला. पुढे राज्यात खेळलं की दहावीला वाढीव गुण. ही वाट प्रत्येक खेळाच्या मास्तरला पाठ असते आणि कुणी मोठ्यानं बोलत नाही. मी आता निवृत्त आहे, म्हणून बोलतो.

पहिल्या वर्षी आमच्या मुली चेंडू टोलवून बॅट हातात घेऊनच पळाल्या आणि पहिल्या बेसवर क्रिकेटसारखी बॅट टेकवून उभ्या राहिल्या. पंचांनी माझ्याकडे पाहिलं. मी टाळ्या वाजवत होतो.

ही मुलगी तेव्हा नववीत होती. अंगानं काटक, पळायला चपळ, पण तिची फेक अशी, की चेंडूलाच वाटेत बसून घ्यावंसं वाटावं. मी तिला मैदानाच्या पार मागे उभं केलं, जिथं चेंडू क्वचित येतो. वरून रोज बोलायचो, ‘हातात जोर नाही तुझ्या. घरी जेवत नाहीस काय?’ ती खाली मान घालून ऐकायची.

दुसऱ्या वर्षी ती दहावीत आली. तिच्या वयोगटाचं ते शेवटचं वर्ष. पालकांच्या संमतीपत्रावर सही घ्यायला मी तिच्या घरी गेलो, तर घराला कडी. रोवण्याचे म्हणजे भातलावणीचे दिवस, सगळं गाव धानाच्या बांध्यांमध्ये. मी पॅन्ट दुमडून खाचरांच्या कडांवरून, धुऱ्याधुऱ्यानं, त्यांच्या बांधीवर पोचलो.

चिखलात आठ-दहा बाया ओळीनं वाकून धान रोवत होत्या. धुऱ्यावर ही मुलगी. शेजारी पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्यांचा ढीग. ज्या बाईच्या हातातले पऱ्हे संपत आले तिच्यापुढे ही जुडी फेकायची. ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांना सांगतो, जुडी बाईच्या हाताशी पडावी लागते, आणि पडताना मुळं खाली राहावी लागतात. अंगावर चिखल उडाला तर शिव्या, दूर पडली तर त्याहून जास्त. ही न बघितल्यासारखी फेकत होती आणि पार पलीकडच्या धुऱ्याशी वाकलेल्या बाईपुढेही जुडी सरळ उभी पडत होती. एकदा नाही, दोनदा नाही, मी उभा होतो तेवढा वेळ.

डाव्या हातानं.

मी म्हणालो, ‘अगं, तू डावखुरी आहेस?’

‘हो सर.’

‘मग वर्षभर काहून नाही सांगितलंस?’

‘सांगतलं होतं ना सर. पहिल्याच दिवशी. तुमी म्हनलं, ग्लोव्ह असाच हाये, तं हातबी असाच राहील.’

ओळीतल्या बाया कंबर सरळ करून हसायला लागल्या. तिची आई तेवढी हसली नाही. पदरानं हात पुसत ती म्हणाली, ‘हे डाव्या हातानं जेवे तं मी लय मारली हिले, सर. जेवाचं सुधारलं. फेकाचं नाही सुधारलं. आना, सई कुठं कराची?’

दुसऱ्या दिवसापासून मी तिला चेंडू फेकणारी केलं, खेळाच्या भाषेत पिचर. ग्लोव्हची अडचण होतीच. भंडाऱ्यात दोन दुकानं फिरलो. एक दुकानदार म्हणाला, ‘उलटा ग्लोव्ह? सर, सुलटाच कोणी घेत नाही.’ मग तिनंच डाव्या हाताचा ग्लोव्ह उजव्या हातात उलटा चढवला, करंगळीच्या जागी अंगठा कोंबून. झेल अर्धे सुटायचे. पण फेक? जिल्ह्याच्या दोन्ही सामन्यांत समोरच्या मुलींना तिचा चेंडू दिसला असेल तर तो कॅचरच्या हातात पोचल्यावर. विरोधी शाळेचे मास्तर येऊन मला विचारू लागले, पोरगी कुठून आणली? मी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, ‘घडवावी लागते.’

मग नागपूर. विभागाच्या संघाची निवड, आणि तिथून राज्य. आता माझं डोकं तापतं, त्याला इतकी वर्षं झाली तरी इलाज नाही.

कार्यक्रम आठचा. पाहुणे आले साडेनऊला. तोवर सहा जिल्ह्यांची मुलं उन्हात ओळीनं उभी. सावली मंडपाखालीच, आणि मंडप पाहुण्यांचा. ‘माझ्यासमोर उद्याचे तारे उभे आहेत,’ असं पाहुणे म्हणाले, आणि तारे घामानं निथळत त्यांच्याकडे बघत होते. प्यायच्या पाण्याचा पिंप होता, त्याला तोटी नव्हती. फेटा, नारळ, फोटो, आणि पाहुणे गेले. मुलांची एक फेकही न बघता गेले. ताऱ्यांचं भाषण करणाऱ्याला निदान एक तारा चमकताना बघून जावंसं वाटू नये?

मग निवड सुरू झाली. निवडणारे गृहस्थ खुर्चीत, हातात यादी. मोठ्या शहरांतल्या मुलींच्या पायात खिळ्यांचे बूट, आमच्या मुलींच्या पायात कॅनव्हासचे. त्यांची नजर आधी पायांवर जायची आणि मग चेहऱ्यावर, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पिचर मुलींची नावं पुकारली. हिचं नाव नाही. मागच्या मैदानाच्या मुली पुकारल्या, त्यात हिचं नाव. उंच उडालेले चेंडू झेलायचे, बस. उलट्या ग्लोव्हमधून तीन झेल सुटले. त्यांनी यादीवर रेघ मारली.

मी धावत खुर्चीपाशी गेलो. ‘साहेब, ही पिचर आहे. डावखुरी. फक्त पाच चेंडू बघा.’

त्यांनी यादीखालून शाळेचा अर्ज काढून माझ्यापुढे धरला. तिच्या नावापुढे लिहिलं होतं: मागचं मैदान, उजवा हात. खाली माझी सही, शाळेचा शिक्का. घाईत मागच्या वर्षीच्या अर्जावरून मीच तो उतरवला होता, ओळीला ओळ.

‘पिचर झाले बघून,’ ते म्हणाले.

‘पाच मिनिटं लागतील, साहेब. पोरगी इथंच उभी आहे. चुकलं ते माझं, मागच्या वर्षीच्या कागदावरून उतरवलं. तिचा हात तर चुकला नाही ना?’

‘मास्तर, मुलगी डावखुरी आहे हे तुम्हाला वर्षभरात कळलं नाही. मला पाच मिनिटांत कळावं म्हणता?’

मंडपातले लोक हसले. माझी चूक मला कबूल, पण कागदापलीकडे दहा पावलांवर एक जिवंत मुलगी चेंडू हातात घेऊन उभी होती. मान वळवायला कोणता अर्ज लागतो? त्यांनी दीड तास पाहुण्यांची वाट पाहिली होती. पाच चेंडूंना वेळ नव्हता. असल्या खुर्च्यांनी आमच्या भागातली किती मुलं अशी रेघेखाली घातली असतील, आणि माझ्यासारख्या मास्तरांनी त्या रेघेला शाई पुरवली असेल.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली.  पवनीच्या स्टँडवर तिनं विचारलं, ‘सर, मी नेमकी कशात कमी पडलो?’

मी म्हणालो, ‘कशातच नाही.’ 

दुसऱ्या दिवशी तिच्या आईकडे गेलो. अर्जाचं, सहीचं, सगळं सांगितलं. मग घाईघाईनं म्हणालो, की अकरावीत गेल्यावर वरच्या वयोगटात तिला पुन्हा खेळता येईल, मी स्वतः तयारी घेईन, स्वतः नागपूरला नेईन, फक्त तिला पाठवायला नाही म्हणू नका.

आई पाखडायचं सूप बाजूला ठेवत म्हणाली, ‘नाही कायले म्हनीन? खेळू द्या तिले. पर सर, पुढच्या खेपेले तिच्यासंगं दुसरं कोनी धाडा.’