रिव्हॉल्वरचा भाव

आमच्या शहरातल्या खासगी बाजार नावाच्या पेठेत माझ्या ओळखीच्या एका दुकानदारांचं बंदुकांचं दुकान आहे. रोज सकाळी काच पुसता पुसता ते मला भाजीवाल्यासारखा भाव ऐकवतात. "लायसन्सवर आता तीनच्या जागी दोनच हत्यारं ठेवता येतात ना, सगळे तिसरं विकायला निघालेत. जुनी रिव्हॉल्वर अजून सस्ती झाली, भैया!" बोलताना त्यांच्या हातातलं फडकं कधी थांबत नाही.

सामाईक भिंतीवरून चुलतभावाशी माझी हातघाई झाली, त्या दुपारी मी लायसन्स घेऊन तडक त्यांच्याकडे गेलो. फडकं थांबलं. माझ्या फाटलेल्या कॉलरकडे बघून त्यांनी सकाळच्या तिप्पट भाव सांगितला. मी भांडलो, ओरडलो. त्यांनी कपाटाला कुलूप घातलं.

"आज हाच भाव आहे. एक पैसा कमी होणार नाही."

महिन्याभरानं त्यांच्याकडे चहा पिताना मी सहज भाव विचारला.

"त्या सकाळच्याच भावात देतो," ते काच पुसत म्हणाले. "पण आता तुम्ही घेणार नाही."