पुष्पाने घातलेला मांडव

खोडाळ्याजवळच्या एका पाड्यावर देवजीचं घर म्हणजे गप्पांचा अड्डा. शेतावरून परतताना चार-पाच जण त्याच्या ओटीवर टेकायचे आणि बिड्या पेटायच्या. सून पुष्पा आत चुलीपाशी असायची, दहा महिन्यांच्या हर्षदाला कडेवर घेऊन. तिचा नवरा उमेश भिवंडीला कामाला, पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचा.

भात कापणीच्या आधी महिनाभरात हर्षदाची छाती दोनदा भरली. दुसऱ्या वेळी पुष्पाने तिला जव्हारला दवाखान्यात नेलं. पोरीला वाफ देऊन झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात बिडी कोण ओढतं?"

"कोणी नाही," पुष्पा बोलून गेली. घरातल्या माणसाचं नाव परक्यासमोर कसं घ्यायचं? पण दारापर्यंत जाऊन ती माघारी फिरली. "सासरे ओढतात. पण बाहेर, ओटीवर."

"घर कसलं आहे?"

"कुडाचं."

"मग ओटीवरचा धूर कुडाच्या फटींतून आतच येणार. चुलीचा आहेच, त्यात हा. बिडी घरापासून लांब ओढू दे. आणि ओढून आल्यावर हात धुतल्याशिवाय पोरीला घ्यायचं नाही."

चूल तिने दुसऱ्याच दिवशी मागच्या पडवीत हलवली. ते तिच्या हातातलं होतं. सासऱ्यांना सांगणं अवघड. उमेशला फोन केला तर तो म्हणाला, "बाबाला मी काय बोलू? तूच बघ."

मग तिने सासूला, गोदीला, दवाखान्यातलं सगळं सांगितलं. गोदीने ऐकून घेतलं आणि कोयता उचलला. दोघींनी बांबू तोडून आणले. अंगणापलीकडे, शेताच्या बांधावर, आंब्याखाली मेढी, म्हणजे मांडवाचे खांब, पुरायला लागल्या.

"काकडीचा वेल चढवता का?" देवजीने विचारलं. गोदी नुसती हसली. त्याने स्वतःच दोन खड्डे खणून दिले. वर पेंढा पडला, पाण्याचा हंडा आला. शेवटी पुष्पाने ओटीवरची त्याची बाज उचलून तिथे नेऊन ठेवली, तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"मला घराबाहेर काढतेस?"

पुष्पा बोलली, "तुम्हाला नाही बाबा, बिडीला. तुम्ही हात धुऊन कधीही आत या. पोरीला दम पुरत नव्हता, तेव्हा मी तिला धरून बसले होते. ते तुम्ही बघितलं नाही."

देवजी शेताकडे निघून गेला. दोन दिवस त्याने सुनेशी बोलणं टाकलं. पण ओटीवर काडी पेटली नाही. तिसऱ्या दिवशी त्याचे सोबती आले आणि आपणहून मांडवाखाली बसले. वारा चांगला लागतो म्हणाले. संध्याकाळी देवजीने हंड्यापाशी हात कोपरापर्यंत धुतले, सदरा बदलला आणि म्हणाला, "आता दे तिला."

पुष्पाने पोर त्याच्या हातात दिली. हर्षदाने त्याची मिशी धरून ओढली.

त्या थंडीत हर्षदाला एकदा साधी सर्दी झाली, तेवढंच. शेजारची सुनिता मांडव बघून गेली आणि आठवड्याभरात तिच्याही अंगणापलीकडे मेढी उभ्या राहिल्या. देवजीची बिडी सुटली नाही, पण उठून बांधापर्यंत जायचा कंटाळा येतो म्हणून निम्मी झाली, असं गोदी सांगते.

शिमग्याच्या आधी घरची सगळी मोखाड्याच्या बाजाराला निघाली. जीप माणसांनी भरलेली, हर्षदा आजोबांच्या मांडीवर. ड्रायव्हरने बिडी ओठांत धरली आणि काडी ओढली.

"थांबव गाडी," देवजी म्हणाला. "खाली उतर, तिकडे झाडापाशी जाऊन निवांत ओढ. आम्हाला काही घाई नाही."

"आता काय झालं, बाबा?" ड्रायव्हरने विचारलं.

"गाडीत लहान पोर आहे."

ड्रायव्हरने मागे वळून बघितलं, काडी विझवली आणि गाडी पुढे काढली. पुष्पा खिडकीबाहेर बघत होती. तिला हसू आवरत नव्हतं.