वादीत ऐकलेला माझाच आवाज

लोकांचे असले अनुभव मी वाचते आणि बहुतेक वेळा हसून सोडून देते. आम्ही वसईचे ख्रिस्ती. घरात संध्याकाळी रोझरीची प्रार्थना व्हायची, पण भुतंखेतं, भास असल्या गोष्टींना कधी थारा नव्हता. खरं सांगायचं तर माझा आजही त्यावर विश्वास नाही. तरी लिहितेय... कारण हे ऐकणारी मी एकटी नव्हते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही मस्कतला, हमरियात राहायचो. नवरा सायमन एका हॉटेलच्या किचनमध्ये आणि मी रुवीतल्या एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनला होते. मुलगी सँड्रा तिसरीत. मराठी समजायचं तिला, पण उत्तर इंग्लिशमध्ये.

सायमनने एकच ध्यास घेतला होता. सूर शहराकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर एक वादी आहे, ती बघायची. वादी म्हणजे डोंगरातली खोल घळ. दोन्ही बाजूंना सरळसोट कडे, आत हिरव्या पाण्याचे डोह. हॉटेलातल्या कुणा गोऱ्या पाहुण्याने त्याला फोटो दाखवले होते. पण जायचं कधी? उन्हाळ्यात तिथल्या दगडाला हात लावला तरी भाजतो. डिसेंबर-जानेवारी उत्तम, पण तेव्हाच हॉटेल टुरिस्टांनी गच्च भरलेलं, सायमनला सुट्टी नाही. ऑक्टोबरात डोहांत पाणी कमी. असं करत करत मार्च उरला.

आमच्या बिल्डिंगमध्ये राजापूरचे मुबीनभाई राहायचे. त्यांच्याकडे फोर-व्हील होती. ते न्यायला तयार झाले, पण मला म्हणाले, "भाबी, मार्चचा भरवसा नाय हां. वर डोंगरात पाऊस पडला तर खाली ऊन असताना पाणी येतं. आवाज आला की सामान तिथंच टाकायचं, वर चढायचं."

सायमन हसला. "मुबीनभाई, आभाळ बघा की! एक ढग नाही."

शुक्रवारी आम्ही गेलो. वादीच्या तोंडाशी छोटं गाव, खजुराची झाडं, एक मशीद. मुबीनभाई जुम्म्याच्या नमाजासाठी तिथेच थांबले. आम्ही तिघं आत चालू लागलो.

आत गेल्यावर सँड्राला नवा खेळ सापडला. ती "हॅलो" ओरडायची आणि कड्यावरून "हॅलो... लो..." परत यायचं. मग सायमनही ओरडला. मीही "सँड्राऽ" म्हणून हाक मारली. सगळं अगदी नेहमीसारखं, माथेरानच्या पॉइंटवर होतं तसं.

पुढे घळ अरुंद झाली. आभाळाची नुसती एक पट्टी दिसत होती. एका सपाट दगडावर बसून आम्ही डबा उघडला. तिघांचीही तोंडं भरलेली, कुणी बोलत नव्हतं. वाराही नव्हता... आणि वरच्या वळणाकडून आवाज आला.

"सँड्राऽ... पप्पांचा हात सोड! सोड हात!"

माझा आवाज होता. माझाच. मी खूप ओरडले की शेवटी गळा फाटतो, तसा शेवटी फाटलेला.

सँड्रा माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "Mamma, you didn't say anything, no?"

मी मानेनेच नाही म्हटलं. तोंडात अजून घास होता.

"मघाशी तू हाक मारलीस ना, तीच फिरून आली असेल," सायमन म्हणाला.

"मी फक्त नाव घेतलं होतं, सायमन. हात सोड कधी म्हटलं?"

त्याने वळणाकडे बघितलं. त्याचाही चेहरा उतरला होता, हे मला दिसलं. मी डबा बंद केला. "यल्ला, चल, परत जाऊ."

"अगं, डोह पुढच्या वळणावर आहे. इतके महिने वाट बघितली... नुसता बघू आणि फिरू."

आमची तिथेच बाचाबाची झाली. शेवटी तो एकटाच पुढे निघाला. मी सँड्राला घेऊन कड्यालगतच्या एका उंच दगडावर चढले आणि तिथूनच त्याला हाका मारत राहिले. वैतागून का होईना, तो वळला.

तेवढ्यात ओल्या चिखलाचा वास आला. मग आवाज — चढावर एखादा ट्रक घुरघुरावा तसा. वळणावरून तपकिरी पाणी आलं, त्यात अख्खंच्या अख्खं झाड. सायमन धावत आमच्या दगडापर्यंत पोचला, पण पाणी त्याच्या कमरेला लागलं आणि पाय कुठेतरी अडकला. मी एका हाताने कपारीला धरून दुसरा त्याच्याकडे नेत होते, तोवर सँड्राने पालथं पडून त्याचा हात पकडला. त्याच्याबरोबर तीही खाली घसरू लागली.

मी ओरडले. काय ओरडले, ते तुम्हाला कळलंच असेल. वेगळे शब्द सुचलेच नाहीत.

सँड्राने हात सोडला. मी तिचा फ्रॉक धरून तिला मागे ओढलं. सायमन पाण्याबरोबर गेला.

पाणी उतरेपर्यंत आम्ही दोघी त्या दगडावर होतो. मी काय काय नवस बोलले, मला आठवत नाही. मुबीनभाई गावातली माणसं घेऊन आले तेव्हा लांबूनच ओरडले, "भाबी, जिंदा आहे! सायमन जिंदा आहे!" खाली एका खजुराच्या बागेत तो अडकून राहिला होता. खांदा निखळलेला, पाय मोडलेला... पण जिवंत.

त्याने मला त्या हाकेबद्दल कधी दोष दिला नाही. विषयच काढला नाही. मीही नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी, सँड्रा कॉलेजला असताना, टीव्हीवर कुठल्याशा पुराची बातमी चालू होती. मी तिला विचारलं, "त्या दिवशी मी तुला पप्पांचा हात सोडायला सांगितलं... तुला माझा राग आला होता का गं?"

ती गोंधळली. मग तिच्या अडखळत्या मराठीत म्हणाली, "मम्मा, तेव्हा तू बोललीस? मला नाही आला ऐकू. पाण्याचा इतका आवाज होता."

"मग तू हात का सोडलास?"

"आधी तुझा आवाज आला होता ना. लंचच्या टाइमला."

सायमन पलीकडच्या खुर्चीत बसला होता. त्याने टीव्ही बंद केला.

आमच्या फादरांना विचारलं, फिजिक्स शिकवणाऱ्या भाच्यालाही विचारलं. माझ्या मुलीला ज्या हाकेने वाचवलं, ती मी मारली नव्हती. मग कुणी मारली... मला माहीत नाही.