पेडल शेवटाला बसतंय

शनिवार, १८ जानेवारी. सकाळी आठ वाजता कसबा बावड्यात घरासमोर गाडी जॅकवर घेतली आणि पुढचं डावं चाक काढलं.

गाडी सोळा वर्षांची. मी फौज सोडली त्या वर्षी घेतलेली. तिला एबीएस आहे. करकचून ब्रेक दाबला आणि चाक घसरायला लागलं, की ही यंत्रणा त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सोडते आणि परत धरते. तेव्हा पायाखाली पेडल थरथरतं. ते तिचं कामच आहे.

माझी मुलगी केतकी कोडोलीला शाळेत शिकवते. रोज हीच गाडी नेते. शुक्रवारी संध्याकाळी ती परत आली तेव्हा बॉनेटवर उसाचं पाचट होतं. नदीकडच्या उतारावर पुढे उसाची ट्रॉली उभी होती. रस्ता कोरडा, वेग फार तर पंधरा. थांबता थांबता पेडल थरथरलं आणि गाडी तशीच पुढे गेली. तिने हँडब्रेक ओढला. ट्रॉलीबाहेर आलेला ऊस काचेला टेकला होता.

"थांबताना गाडी पुढे जाते. गॅरेजच्या मेस्त्रींना दोनदा सांगितलंय, आई. ते म्हणतात, एबीएसची गाडी हाय, पेडल थरथरणारच की."

मी चहा ठेवायला आत गेले. गॅस पेटवताना तीन काड्या मोडल्या. मी सहसा घाबरत नाही. पण ही तक्रार मी आधी ऐकलेली होती, वेगळ्या शब्दांत.

तेव्हा मी कॅप्टन होते. पोस्टिंग पूर्वेकडच्या डोंगरात, एका वर्कशॉपवर. दिवस ठरलेला असे. सहाला फॉल-इनची हजेरी, सातला गाड्यांची पाहणी. ड्रायव्हरची तक्रार डिफेक्ट बुकात लिहायची, रोड टेस्ट घ्यायची, मग माझी सही. सही झाली की गाडी फिट.

नायक मारुती खोत आपल्याच जिल्ह्यातला, कागलकडचा. चारचौघांत हिंदी बोलायचा, माझ्याशी गावचं. मी रागावले की मान खाली घालून म्हणायचा, "मॅडम, बावड्यात येवढा साखर कारखाना, आन् तुमच्यात काय न्हाय उतरलं." बाकीच्यांना कळत नसे, म्हणून मी सोडून देत असे.

एके दिवशी दुपारी दोनला त्याने ट्रक आणला. "मॅडम, पेडल शेवटाला जरा बसतंय. उतारावर, माल असला की."

ट्रक मी स्वतः चालवला. वर्कशॉपच्या सपाट मैदानावर, रिकामा. तीन वेळा ब्रेक दाबले, तिन्ही वेळा जागेवर थांबला. बुकात लिहिलं: ब्रेक तपासले, ठीक. सही केली. उतार आणि माल हे त्याचे शब्द मी लिहिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे ५.४० ला नऊ गाड्यांचा कॉन्व्हॉय निघाला. रेडिओ सेट तीन. एक सर्वांत पुढे, एक शेवटच्या, बिघडलेल्या गाड्या ओढणाऱ्या रिकव्हरी गाडीत माझ्याकडे, एक मध्ये खोतकडे. ७.२५ ला उतार सुरू झाला. दहा मिनिटांनी सेट वाजला. तो हिंदीत बोलला नाही.

"मॅडम, पेडल बसलं. पुढच्यास्नी सरकवा."

"गियर उतरव. डोंगराकडे घास. ओव्हर."

"व्हय."

त्याने सांगितलं तसंच केलं. ट्रक खडकाला घासत दीडशे मीटर गेला आणि थांबला. पुढच्या चारही गाड्या वाचल्या. शेजारी बसलेल्या शिपायाचा हात मोडला. मागचा माल केबिनवर आला होता. खोतला बाहेर काढायला चाळीस मिनिटं लागली. तोवर तो गेला होता.

ब्रेकच्या एका रबरी नळीला चीर होती. तापली आणि जोर आला की उघडायची. रिकामी, थंड असताना बंद. चौकशीत निघालं की रोड टेस्ट नियमाप्रमाणेच झाली होती. मला कोणी काही बोललं नाही.

शनिवारी चाकं काढून पाहिली. लायनिंग जाड, डिस्क गुळगुळीत, नळ्या कोरड्या, ऑइल पुरेसं. इथे "ठीक" लिहून मोकळं होता आलं असतं. चाकं परत चढवली आणि केतकीला म्हटलं, तू चालव, नेहमीसारखी. थांबायचं तिथंच, नदीकडच्या उतारावर.

अकराला रस्ता मोकळा होता. मी उतरून विटेच्या तुकड्याने रेघ मारली आणि परत शेजारी बसले. माझा उजवा हात हँडब्रेकवर. पहिल्या फेरीत पेडल थरथरलं आणि गाडी रेघेच्या पुढे अर्धी गेली. दुसऱ्या फेरीत पूर्ण गेली. पेडल नसलेल्या बाजूला बसून माझा पाय मॅट दाबत होता. तळहाताचा घाम मी साडीला पुसला.

"आई, तू घाबरलीस?"

"हो. समोर बघ."

मग मी एबीएसचा फ्यूज काढला. तिसऱ्या फेरीत गाडी रेघेवर थांबली, चौथ्या फेरीतही. म्हणजे ब्रेक चांगले होते, त्यांना चुकीच्या वेळी सोडायला लावत होती ती एबीएस. पण फ्यूज काढल्यावर डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागायला हवा. तो लागलाच नाही.

मेस्त्रींना फोन केला. दिवा त्यांनीच काढला होता. सारखा पेटायचा, पोरगी घाबरायची, म्हणून. बोलताना आवाजात माया होती.

दुपारी परत जॅक लावला. चाकाच्या शाफ्टवर दातेरी कडं असतं आणि शेजारचा सेन्सर त्याचे दाते मोजतो. बॅटरीचा उजेड धरून चाक हाताने हळूहळू फिरवलं. डावीकडच्या कड्याला केसाएवढा तडा होता, गंज आणि चिखलाने भरलेला. तिथे दोन दात्यांमधलं अंतर वाढलं होतं. वेगात ते खपून जातं. हळू चालताना यंत्रणेला वाटतं चाक घसरलं, आणि ती ब्रेक सोडते. अगदी थांबायच्या वेळी.

मेस्त्रींना परत फोन करून सांगितलं, उद्या आठला या.

रविवारी सकाळी आठला फ्यूज परत बसवला, मेस्त्रींना गाडीत शेजारी बसवलं आणि केतकीला चालवायला सांगितलं. मी मागे बसले. उतारावर पेडल थरथरलं, गाडी रेघ ओलांडून गेली. मेस्त्रींनी दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकले.

"मॅडम, मी ही गाडी सपाटीलाच बघितलेली."

"मीपण," मी म्हणाले.

त्यांना वाटलं, मी याच गाडीबद्दल बोलतेय. मी खुलासा केला नाही. त्यांनी मान हलवली. दिवा आधी बसवतो, म्हणाले, मग कडं.

घरी येऊन गाडीची वही काढली. फौज सोडल्यापासूनची ही चौथी. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर मी एकच ओळ उतरवते: पेडल शेवटाला जरा बसतंय, उतारावर, माल असला की. नायक मारुती खोत. रविवारचं पान उघडून तारखेखाली लिहिलं: थांबताना गाडी पुढे जाते. केतकी. तिचे शब्द, जसेच्या तसे. मग सही केली.